चेक म्हणजे शह, पण मग बँकेतला चेक कुठून आला?

परवा भाच्याशी बुद्धिबळ खेळत होतो, त्याने घोडा पुढे टाकला आणि ओरडला, "मामा, चेक!" आई आतून म्हणाली, "चेक काय रे, शह म्हण की." मला हसू आलं, कारण दोघं एकच शब्द बोलत होते.

फारसीत शाह म्हणजे राजा, हे आपल्याला माहितीये. खेळ भारतातून इराणात गेला, तिथून अरबांकडे, मग युरोपात, आणि राजावर हल्ला झाला की "शाह!" म्हणून सावध करायची पद्धतही सोबत गेली. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं एशेक झालं आणि इंग्रजीत चेक. चेस हे त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन. चेकमेट म्हणजे शाह मात, आणि ती मात तर आपण संकटांवरही करतो :)

आता शह बसला की बाकीचं सगळं सोडून आधी राजा वाचवावा लागतो, तिथून चेकला अडवणे, रोखणे हा अर्थ चिकटला, आणि अडवलं की तपासणं आलंच. मुलुंड चेकनाका घ्या, अडवणं आणि तपासणं दोन्ही एका शब्दात, वर नाका आपला.

चौकड्यांच्या शर्टाला चेक्स म्हणतात तेही बुद्धिबळाच्या पटावरून. पण मला सगळ्यात भारी वाटते ती पैशाची गोष्ट. 12व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब साधारण 10 फूट बाय 5 फूट टेबलावर रेघांचं काळं कापड अंथरून, त्यावर सोंगट्या मांडून करायचे. ते दिसायचं पटासारखं, म्हणून खजिन्याचं नाव पडलं एक्सचेकर. तिथल्या अर्थमंत्र्याला अजूनही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात!

बँकेतला चेक मात्र खजिन्यातून नाही, तपासण्यातून आलाय. 18व्या शतकात आधी चेक म्हणायचे काउंटरफॉइलला, खोटेपणा पकडायला जवळ ठेवायचा तुकडा, मग तेच नाव अख्ख्या कागदाला लागलं. ब्रिटिश स्पेलिंगमधलं ते क्यूयूई एक्सचेकरच्या नादाने घुसलं. अमेरिकेत सीकेच लिहितात, आणि हॉटेलात चेक मागितला तर बिल आणून देतात.

धनादेश शब्द चांगलाय, पण "धनादेश वटला का" असं बोलताना मी तरी कुणाला ऐकलं नाही, चेकच वटतो.

आणि हो, चेकाळण्याचा याच्याशी काही संबंध नाही, भाच्याने लगेच विचारलं होतं. तोवर माझा वजीर गेला.