काउंटर मॅग्नेट ग्वाल्हेर: चुंबक म्हटलं, पण ओढतंय कोण कुणाला?

दौलतगंजकर
परवा इथे ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकात, म्हणजे बाड्यावर, चहा पिताना आग्रा–ग्वाल्हेरच्या नव्या महामार्गावरून वाद झाला, तो इथे पुढे चालवतोय. सहा पदरी, ८८ किलोमीटर. मित्र म्हणाला, "आता दिल्ली हाकेच्या अंतरावर." मी म्हटलं, हाक कोण मारणार आणि ओ कोण देणार, तेवढं सांग.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. दिल्लीवरचा बोजा कमी करायला १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचं नियोजन मंडळ झालं. त्याच्या पहिल्या आराखड्यात पाच लांबची शहरं निवडली होती: हिसार, बरेली, कोटा, पतियाळा आणि आपण. नाव दिलं 'काउंटर मॅग्नेट'. दिल्लीकडे निघालेल्या माणसाला वाटेतच ओढून धरायचं, ही कल्पना. शहराबाहेर नवं ग्वाल्हेर आखलं गेलं, रस्ते झाले, विजेचे खांब उभे राहिले. माणसं मात्र फारशी आली नाहीत. माझ्या दोन्ही पुतण्या गतिमान एक्स्प्रेस पकडून गुरगावला गेल्या, त्या दिवाळीलाच दिसतात.

आता युरोप बघा. १९९९ मध्ये पॉट्सडॅमला युरोपीय युनियनच्या १५ देशांच्या मंत्र्यांनी अख्ख्या खंडाचा विचार करणारा आराखडा मान्य केला. लंडन, पॅरिस, मिलान, म्युनिक, हॅम्बुर्ग जोडले की एक पंचकोन होतो. त्यात जमीन साधारण २० टक्के, लोक ४० टक्के आणि उत्पन्न ५० टक्के. असा एकच गाभा नको, ठिकठिकाणी केंद्रं हवीत, असं त्यांनी ठरवलं. तो कागद कुणावर बंधनकारक नव्हता, पण बाजूला पैसा होता. प्रादेशिक निधी १९७५ पासूनच चालू होता, आणि २०२१–२७ च्या अंदाजपत्रकात अशा निधींचा वाटा जवळपास एक तृतीयांश आहे. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला झुकतं माप. हिशेब सात-सात वर्षांचा, मधे कुणाचंही सरकार येवो.

आपल्याला चुंबक हे नाव मिळालं, तार कुणी जोडलीच नाही. असं माझं मत. बोला.

मुरारची_लेक (मु. पो. पुणे)
दादा, त्या गुरगावच्या पुतण्या सुखात आहेत ना? मग रडायचं कशाला? विकास माणसांचा करायचा की नकाशाचा? जागतिक बँकेच्या २००९ च्या वार्षिक अहवालाचा सूर हाच होता: उद्योगधंदा काही ठिकाणी एकवटतो, तो एकवटू द्या. शिक्षण, आरोग्य सगळीकडे द्या आणि माणसाला हवं तिथे जाता येऊ द्या.

ओतलेल्या पैशाचं काय होतं ते इटलीत दिसलं. दक्षिणेसाठी १९५० ला खास निधी काढला, तो १९८४ पर्यंत चालला. तारांतोला प्रचंड पोलाद कारखाना उभा केला. त्याच्याभोवती छोटे धंदे उगवतील असं वाटलं होतं, ते बेताचेच उगवले. इटालियन लोक असल्या प्रकल्पांना 'वाळवंटातली कॅथेड्रल्स' म्हणतात. दक्षिण अजूनही मागेच. मला तर तुमचं नवं ग्वाल्हेर आठवलं, फक्त आपल्याकडे कॅथेड्रलसुद्धा नाही.

सेवानिवृत्त_लेखापाल
मुली, जरा थांब. १९५६ ला मध्यभारत मोडून मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. तोवर इंदूर आणि आपण आलटून पालटून राजधानी होतो. तेव्हा वाटणी झाली: उच्च न्यायालय जबलपूरला, खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला, राजस्व (महसूल) मंडळ इथे, आणि आमचं महालेखाकार कार्यालयही इथेच. परिवहन आयुक्तसुद्धा इथेच बसतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या किती मराठी घरांची चूल या ऑफिसांवर पेटली ते मी पाहिलंय. बिर्लानगरची जेसी मिल बंद पडली तेव्हा शहर बसलं, पण झोपलं नाही ते या बाबूंमुळे. दर महिन्याला पगार होणारी माणसं लागतात हो. नुसत्या रस्त्याने शहर टिकत नाही.

बडोदेवाला
काकांचा मुद्दा पटला. आमच्याकडेही कोयलीची रिफायनरी १९६५ ला आली म्हणून पुढचं सगळं आलं. पण समतोलाच्या नावाखाली नुकसानही होतं, हे विसरू नका. १९५० च्या दशकात केंद्राने मालवाहतूक भाड्याचं समानीकरण आणलं, पोलाद देशभर एकाच भावाने. हेतू चांगला. झालं असं की, खाणीजवळ असण्याचा बिहारचा एकुलता एक फायदा गेला आणि कारखाने आम्ही समुद्राजवळचे पळवून बसलो. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. आम्ही गुजराती-मराठी मंडळी आपल्या उद्यमशीलतेबद्दल छाती फुगवतो, त्यात थोडी हवा या धोरणाचीही आहे.

दौलतगंजकर
@मुरारची_लेक, त्याच २००९ मध्ये फाब्रित्सियो बार्का या इटालियन अर्थतज्ज्ञानेच युरोपीय आयोगाला उलटा अहवाल दिला होता: जागा ओळखून, तिथल्या लोकांना घेऊन योजना करा. दक्षिण इटलीचे चटके त्यालाही ठाऊक असणारच.

पण तुझा एक मुद्दा मी स्वतःच पक्का करून देतो. पोलंड २००४ ला युनियनमध्ये गेला तेव्हा तिथलं दरडोई उत्पन्न सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होतं, आता ८० टक्क्यांच्या जवळ आलंय. लॅटव्हियाही वर आला, पण त्याची लोकसंख्या २३ लाखांवरून १९ लाखांच्या खाली आली. सरासरी वाढली, माणसं गेली. तू याला यश म्हणशील. मी नाही म्हणत. ज्याला राहायचं आहे त्याला राहता आलं का, एवढंच मी बघतो.

मुरारची_लेक (मु. पो. पुणे)
मला नव्हतंच राहायचं. हेही मोजाल का कधी?

श्योपूरकर
तुम्हा सगळ्यांचं वाचून हसू येतंय. ग्वाल्हेर दिल्लीच्या नावाने रडतं. आमची दिल्ली म्हणजे तुमचं ग्वाल्हेर. श्योपूर–ग्वाल्हेर दोन फुटी छोटी रेल्वे लाइन होती, जवळपास २०० किलोमीटर, डब्याच्या टपावर बसून माणसं यायची. २०२० ला बंद झाली. मोठी लाइन होईल तेव्हा होईल. कूनोत चित्ते आले, आमची गाडी गेली. तेव्हा बाड्यावर चहा पिताना कुणी वाद घातला होता?

दौलतगंजकर
नाही घातला. खरं आहे.

पोलंडमध्येही असंच होतं: राजधानी वॉर्सामुळे आसपासच्या गरीब भागाची सरासरी फुगायची आणि निधी हुकायचा. शेवटी २०१८ पासून आकडेवारीत वॉर्सा आणि शेजारचा परिसर वेगळा काढला, उरलेला भाग वेगळा. तसं ग्वाल्हेर बाजूला काढून चंबळ मोजायला हवं. आपल्या वाट्याचं कमी होईल. काका, तुमच्या त्या ऑफिसांपैकी एखादं श्योपूरला द्यायला तयार आहात?

सेवानिवृत्त_लेखापाल
राजस्व मंडळ घेऊन जा. महालेखाकार मात्र राहू द्या, माझी पेन्शन तिथे अडकली की मला जिना चढून जावं लागतं, श्योपूरला कुठे जाऊ?