पन्हाळ्याचा पिवळा स्लाइम मोल्ड सरकतो कसा? मोटर प्रोटीन ढकलतं काय?

पायरीचा_दगड: मंडळी, एक शंका आहे. पन्हाळ्यावर कुजलेल्या ओंडक्यावर पिवळंधमक जाळं (स्लाइम मोल्ड, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव) दिसलं, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी मित्र गेला तर ते वीतभर पुढं सरकलेलं. आम्हाला बीएस्सीला शिकवलंय की मोटर प्रोटीनं पेशीतल्या धाग्यांवर चालतात, म्हणजे मायोसिन अ‍ॅक्टिनवर आणि कायनेसिन मायक्रोट्यूब्यूलवर पावलं टाकत चालतं. मग एवढा मोठा गोळा पण असाच पावलं टाकत नेतात काय?

धारोष्ण_कट्टा: नाही भावा. फोटो बघून जात सांगता येणार नाही, पण फायसॅरम नावाच्या पिवळ्या स्लाइम मोल्डवर लई अभ्यास झालाय म्हणून त्याचंच सांगतो. ते अख्खं जाळं म्हणजे एकच पेशी, आत केंद्रकं मात्र ढिगानं. नळ्यांच्या भिंतीत अ‍ॅक्टिन-मायोसिनचं जाळं असतंय, ते आवळलं की आतला रस पुढं पळतो, धार काढताना सड दाबतो ना, तसंच. रस सेकंदाला एक मिलिमीटरपर्यंत पळतो आणि मिनिटभरानं दिशा उलटी होते, पण जाणं येण्यापेक्षा थोडं जास्त पडतं म्हणून गोळा पुढं सरकतो. आणि गंमत म्हणजे आपल्या स्नायूत कॅल्शियम वाढलं की आकुंचन होतं, इथं कॅल्शियम उलट मायोसिनला आवरतं!

सूक्ष्मदर्शी_संध्या: बरोबर, पण सगळेच स्लाइम मोल्ड असे नसतात हं. डिक्टिओस्टेलियम या दुसऱ्या स्लाइम मोल्डच्या पेशी सुट्या अमीबासारख्या फिरतात, उपाशी पडल्या की सायक्लिक एएमपी या रासायनिक संदेशाच्या हाकेवर एकत्र येतात. 1987 मध्ये त्यांच्यातलं मायोसिन टू (मायोसिनचा एक प्रकार) जनुकीय बदल करून काढून टाकलं, तरी पेशी सरपटत राहिल्या.

पायरीचा_दगड: आयला! मग मायोसिन पाहिजेच कशाला?

सूक्ष्मदर्शी_संध्या: पुढची कड अ‍ॅक्टिनचे धागे वाढत जाऊन ढकलतात, त्याला मायोसिन टू लागत नाही. मायोसिन टू मागची बाजू आवळून ओढून घेतं, ते नसलं की चाल मंदावते. खरी पंचाईत दुसरीकडेच, द्रवात तरंगत ठेवलेल्या पेशींना विभागताच येत नाही, एकेका पेशीत केंद्रकांची गर्दी होते, आणि गोळा झाल्यावर बीजाणूंचा देठ काही उभा राहत नाही. सेमिनारला हेच घे, मायोसिन चालतं एवढंच सगळे सांगतात.

धारोष्ण_कट्टा: आणि प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर फायसॅरम आगरच्या जेलीवर ओट्स घालून अंधारात ठेव, उजेड त्याला आवडत नाही. मोबाईलवर टाइमलॅप्स लाव, रस उलटसुलट पळताना दिसतोय बघ.

पायरीचा_दगड: नाद खुळा! फायसॅरमचं कल्चर कोल्हापुरात कुणाकडं मिळेल काय?