भाड्याचे घर, थोडे पैसे आणि रंग सोललेले कपाट: सजावटीची सुरुवात कुठून करावी?

निळी_खिडकी

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आलो. घर हवेशीर आहे, मात्र भिंती अगदी ओक्याबोक्या आहेत, छताच्या मधोमध एकच पांढराशुभ्र दिवा आहे आणि सामान म्हणावे तर एक जुने लाकडी कपाट, एक सोफा आणि जमिनीवर रचून ठेवलेली पुस्तके, एवढेच आहे. सजावटीसाठी बाजूला काढलेली रक्कम फार थोडी आहे. पण सुट्टीचे दिवस हाताशी असल्यामुळे शक्य तेवढे काम स्वतःच करायचे, असे ठरवले आहे. भिंतींचा रंग बदलू नये आणि खिळे कमीत कमी ठोकावेत, एवढीच घरमालकांची अट आहे.

पहिला प्रयत्न कपाटावर केला. ते फडक्याने स्वच्छ पुसून पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. दिसायला फार सुरेख झाले होते. तिसऱ्या आठवड्यात मात्र मुठींभोवती आणि दारांच्या कडांना पापुद्रे सुटू लागले आणि आता नख लावले तरी रंग पट्टीसारखा सोलून येतो. मनाला फार लागले, कारण दोन पूर्ण दिवस त्यात घातले होते. स्वस्तातला रंग घेतल्यामुळे असे झाले का? आणि उरलेल्या पैशांत आधी काय करावे, म्हणजे घरात पाऊल ठेवताच फरक जाणवेल?

रंधा

आपण आधी रंगाला दोष देणे थांबवावे, असे मला वाटते. याहून महाग रंग असता तरी तो याच ठिकाणी निघाला असता. मुठींभोवती आणि दारांच्या कडांना वर्षानुवर्षे हात लागलेले असतात, त्या तेलकट थरावर पाण्याचा रंग धरत नाही आणि कोरड्या फडक्याने तो थर निघतही नाही. शिवाय कपाटावर जुना तैलरंग किंवा वॉर्निश असेल, तर तो पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो. नव्या रंगाला रुतून बसायला तिथे जागाच नसते, त्यामुळे तो वर नुसता एक पातळ पडदा होऊन राहतो.

खाली नेमके काय आहे, हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. रंग निघालेल्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर घासून पाहा. जुना थर मऊ होऊन कापसाला लागला, तर तो पाण्यातला रंग असतो. पिवळसर तपकिरी, चिकट डाग आला, तर ते लाखेचे पॉलिश असते. आणि काहीच निघाले नाही, तर तैलरंग किंवा वॉर्निश आहे असे समजावे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कपाट कित्येक दशकांपूर्वीचे असेल आणि त्यावर जुन्या रंगाचे जाड थर असतील, तर त्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासू नये, कारण त्याची धूळ श्वासावाटे आत जाते आणि लहान मुलांना ती विशेष घातक ठरते. त्या परिस्थितीत कपाटाला न घासता तसेच ठेवणे शहाणपणाचे आहे.

ती शंका नसेल, तर दारे उतरवा, मुठी काढा आणि संपूर्ण कपाट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, नंतर साध्या पाण्याने पुसून रात्रभर वाळू द्या. मग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने सर्वत्र हलकेच घासा. लाकूड उघडे पाडायचे नसते, चकाकी तेवढी मरायला हवी. खड्डे असतील तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरा, ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्या आणि जुन्या तैलरंगावरही धरेल अशा प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी पकडीसाठी द्यायच्या अस्तराचा, एक हात द्या. हा हात वाळला की २२० नंबरच्या पेपरने नुसता हात फिरवल्यासारखे घासून मग रंगाचे दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात कधीही चांगले, कारण जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. पैसे वाचवायचेच असतील तर रंगाच्या छटेत वाचवा, प्रायमरमध्ये नको.

आणखी एक मुद्दा असा की, रंग हाताला सुका लागणे आणि पक्का होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातला रंग काही तासांत सुकतो, पण पूर्ण कडक व्हायला त्याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. तोवर कपाटावर जड वस्तू ठेवू नका आणि दारे घट्ट दाबून बंद करू नका, नाहीतर रंगवलेल्या कडा एकमेकींना चिकटतात.

कवडसा

कपाटाबद्दल वरच्या प्रतिसादात सगळेच आले आहे, म्हणून मी फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. सर्वांत आधी दिवा बदला. छताच्या मधोमध असलेला तो पांढराशुभ्र दिवा बहुधा ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) असावा. तशा निळसर उजेडात चांगली खोलीसुद्धा प्रतीक्षालयासारखी वाटते. २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन-तीन लहान एलईडी दिवे घ्या आणि ते वेगवेगळ्या उंचीवर ठेवा: एक सोफ्याशेजारी, एक पुस्तकांजवळ आणि एक कोपऱ्यात, ज्याचे तोंड भिंतीकडे असेल. भिंतीवरून परतलेला उजेड डोळ्यांना मऊ लागतो, कोपरा उजळल्यामुळे खोली मोठी भासते आणि ओक्याबोक्या भिंतीलाही गहिरेपणा येतो. यात एकही खिळा लागत नाही आणि घर सोडताना हे सारे बरोबर नेता येते. दिव्यांच्या छत्र्या कागदाच्या किंवा कापडाच्या घरी करता येतात. मात्र आत एलईडीच लावा आणि कागद दिव्याला टेकू देऊ नका.

दिव्यांनंतर पडदे. कापड आणल्यावर शिवण्याआधी ते एकदा धुऊन घ्या, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शिवलेला पडदा मग आखूड होतो. पन्ना खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट धरा, म्हणजे चुण्या भरदार पडतात. कापड कमी पडत असेल, तर लांबीत काटकसर करू नका. खिडकीच्या चौकटीपाशीच संपणारा पडदा खोलीला बुटके करतो, तर जमिनीपासून बोटभर वर थांबणारा पडदा छत उंचावल्यासारखे दाखवतो.

ओळंबा

दिव्यांबाबत मी पूर्ण सहमत आहे, पण पडद्यांच्या आधी पुस्तकांची सोय करावी, असे माझे मत आहे. जमिनीवर पसारा असेपर्यंत कोणतीही सजावट उठून दिसत नाही.

एक मीटर लांबीच्या फळीवर पुस्तके भरली की साधारण २५ ते ३० किलो वजन होते. म्हणून चिकटपट्टीवर लावलेल्या फळ्यांचा विचार पुस्तकांसाठी करूच नका. जमिनीवर उभा राहणारा मांडणीवजा घोडा स्वतः करा. १८ मिलिमीटरचे प्लायवूड घेतले आणि दोन आधारांतले अंतर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवले नाही, तर फळी सहसा बाक घेत नाही. प्लायवूड दुकानातूनच मापात कापून आणावे, कारण हातकरवतीने लांब काप सरळ काढणे नवख्या माणसाला जड जाते. एका स्क्रूची परवानगी घरमालकांकडून जरूर मागून घ्या आणि घोड्याचा माथा त्या स्क्रूने भिंतीला पट्टीने बांधा. भरलेला घोडा मूल लटकल्यास पुढे कोसळू शकतो. भोक पाडताना स्विचच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला ड्रिल लावू नका, कारण आतली वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते.

टाकाऊ पॅलेटच्या लाकडापासून काही करण्याचा मोह होईल. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यावर इंग्रजी ‘एचटी’ ही अक्षरे असतील, तर लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल, तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते आणि ते घरात आणू नये. शिक्का कोणताही असला तरी तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग असलेले लाकूड नाकारा.

चित्रांबाबत एवढेच सांगतो की, फ्रेमच्या मापाचे जुने वर्तमानपत्राचे तुकडे कापून ते आधी भिंतीवर चिकटवा, दोन दिवस तसेच राहू द्या आणि जागा पटल्यावरच खिळ्याचा विचार करा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो सहज पडतो. बहुतेक घरांत चित्रे फार उंच टांगलेली असतात.

निळी_खिडकी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल दिवे बदलले आणि संध्याकाळी आम्ही दोघेही कितीतरी वेळ नुसते बसून राहिलो, एवढा फरक पडला. स्पिरिटची परीक्षाही केली. कापसाला काहीच लागले नाही आणि खालचा तपकिरी थर तसाच चकचकीत राहिला. कपाट साधारण दहा-बारा वर्षांचे आहे, असे आधीच्या मालकांनी सांगितले आहे. रंधा यांना एकच विचारायचे आहे: सुटलेला रंग तेवढा काढून बाकीच्यावर प्रायमर दिला तर चालेल का, की सगळाच पांढरा रंग काढावा लागेल?

रंधा

म्हणजे खाली वॉर्निश किंवा तैलरंग आहे आणि वय पाहता शिशाची भीती फारशी नाही. तरीही घासताना मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

घट्ट वाटणाऱ्या भागावर धारदार पात्याने बारीक चौकड्या ओढा, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढून काढा. चौकड्यांचे तुकडे पट्टीसोबत आले, तर तो भागही वरवर चिकटलेला आहे असे समजा. न घासता रंग दिला होता, त्यामुळे माझ्या अंदाजाने सगळाच काढावा लागेल. त्यात समाधानाची बाब एवढीच की, असा रंग काढायला सोपा असतो. केस सुकवण्याच्या यंत्राची गरम हवा थोडा वेळ दिली की तो मऊ पडतो आणि प्लास्टिकच्या खरवडणीने सलग निघतो. लोखंडी पाते वापरू नका, लाकडावर ओरखडे उठतील. दारे उतरवताना प्रत्येक दारावर आणि त्याच्या चौकटीवर, बिजागरीच्या खाचेत, पेन्सिलीने एकच आकडा लिहून ठेवा. जुन्या कपाटाची दारे एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत आणि खाचेतला आकडा रंगाखाली झाकला जात नाही.