'टेराकोटा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मैत्रीण मातीचे रानटी प्राणी घडवते. रानगवा, बिबट्या, खवल्या मांजर. घाट मात्र उत्खननात सापडणाऱ्या जुन्या मूर्तींचा: आखूड पाय, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. प्रदर्शनाच्या पाट्यांवर 'पार्थिव शिल्पे' लिहिलं तर?

प्रतिसाद: नको हो! शब्द चोख आहे, 'पार्थिव गणपती' आपण म्हणतोच. पण बातम्यांनी 'पार्थिव'चा मृतदेह करून टाकलाय. 'पार्थिव बिबट्या' वाचून लोक वनखात्याला फोन लावतील.

प्रतिसाद: मृण्मूर्ती. विषय संपला.

प्रतिसाद: संपला कसा? मृण्मूर्ती कच्चीही असते. टेराकोटा म्हणजे मुळातच भाजलेली माती. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननातली मातृदेवी घ्या, साधारण इ.स.पू. १३००ची. झाकणाच्या मातीच्या डबीत एक स्त्रीमूर्ती, डबीवर दुसरी बिनडोक्याची आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की देवी बैलावर बसते. काय डोकं चालवलंय! आणि हे सगळं न भाजलेल्या मातीचं. म्हणजे मृण्मूर्ती खरी, टेराकोटा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या सातवाहनकालीन बाहुल्यांत केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्याही आहेत, पण त्या साच्यातून काढलेल्या. तेव्हा 'हातानं घडवलेलं' हेही वेगळं सांगावं लागतं.

प्रतिसाद: आमच्या खानदेशात भाजल्या मातीला खापर म्हणतात, मांडे त्यावरच होतात. 'खापराचा गवा' का नको?

प्रतिसाद: ऐकायला झकास. पण मूर्ती फुटली की खापर कुणावर फोडायचं?

प्रश्नकर्ती: प्राणी भाजलेलेच आहेत, कुंभाराच्या आव्यात. मैत्रीण ते आतून पोकळ ठेवते, नाहीतर राहिलेल्या ओलीची वाफ होऊन तडकतात. खवल्या मांजर तेवढं अजून कच्चं आहे.

प्रतिसाद: मग सरळ 'भाजकी माती' लिहा. पुरातत्त्ववालेही 'भाजक्या मातीच्या मूर्ती' म्हणतात, आणि भाजके पोहे खाणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही. पाटी अशी: 'रानगवा. भाजकी माती, हातघडण.' 'हस्तनिर्मित' टाळा, तो सरकारी वाटतो. खवल्या मांजराखाली 'कच्ची माती' लिहा आणि त्याला पाण्यापासून जपा. सहाएकशे अंशांपर्यंत तापलेली माती पुन्हा कालवता येत नाही, कच्ची मात्र भिजली की चिखल.