मदत हवी आहे: पुरात बसलेलं घर पाडून कमी सिमेंटात बांधायचंय (जि. सांगली)

नमस्कार मंडळी,

घर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. आई-अण्णा तिथंच राहतात, मी पुण्यात. खाली मातीत बसवलेला काळा दगड, वर कच्च्या विटा, मंगलोरी कौलं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी आठवडाभर उभं होतं. मागची भिंत पडली नाही, दुधातल्या भाकरीसारखी जागच्या जागी बसली. दगड तेवढे राहिले. 2021 च्या पुरानं उरलेलं खिळखिळं केलं.

आता पाडून साडेआठशे चौरस फुटांचं बैठं घर बांधायचंय. काळी माती आहे, मुरूम आठ फुटांवर लागतो, त्यामुळे इंजिनिअरनी आरसीसी कॉलम सांगितलेत. त्यावर वाद नाही. बाकीच्या घरात सिमेंट, नव्या विटा आणि कचरा किती कमी करता येईल, एवढंच विचारतोय.

"मातीचं बांधा" असं कृपया कुणी सांगू नका. मातीचंच होतं.

ठेकेदाराचं म्हणणं: जेसीबीनं दोन दिवसांत सपाट, राडारोडा ओढ्यात, वाहतूक फुकट. म्हणजे पूर आला की आमचंच घर ओढा तुंबवणार! मी नको म्हणालो तर, "साहेब, समदं गाव तिथंच टाकतंय."

दगड अंदाजे बारा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघेल. अण्णांना तो जोत्याला वापरायचाय. ठेकेदार म्हणतो, माती खरवडून पुन्हा घडवायची मजुरी नव्या डबरापेक्षा (खाणीतल्या ओबडधोबड दगडापेक्षा) जास्त पडते. खरंच पडते का? कुणी केलंय?

दुसरं, भिंती. वास्तुरचनाकार लॉरी बेकर वापरायचे तो रॅट ट्रॅप बाँड (विटा रचायची पद्धत) वाचला. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, मधे पोकळी, विटा साधारण पाव हिश्श्यानं वाचतात. आमच्या मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी शिरलं की आत बेडकं ऱ्हातील." हसलो, पण प्रश्न बरोबर आहे. पोकळीत शिरलेलं पुराचं पाणी बाहेर कसं काढायचं?

शिवाय ठेकेदार 53 ग्रेडवर (जास्त ताकदीचं साधं सिमेंट) अडलाय, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) "कच्चा" म्हणतो.

चुनखडी (सदस्य, उत्तर):
पीपीसी कच्चा नाही, सावकाश आहे. त्यात 15 ते 35 टक्के कोळशाची राख असते, तेवढं क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) कमी. एक टन क्लिंकर भाजताना नुसत्या चुनखडीतूनच साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचा कोळसा वेगळा. अडचण एवढीच की ठेकेदाराला सेंट्रिंग (काँक्रीटखालचे टेकू-फळ्या) लवकर काढून पुढच्या साइटवर न्यायचं असतं. पाणी मात्र नीट मारा. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला 10, उन्हाळ्यात 14. अण्णा तिथंच आहेत म्हणजे हे होईल.

साइटवरचा:
बेडकांचा प्रश्न सुटतो. 2019 ची खूण भिंतीवर असेलच. तिच्या वर एक हातापर्यंत तुमचाच दगड किंवा भरीव वीटकाम सिमेंट-वाळूत करा, रॅट ट्रॅप त्याच्या वर. पोकळीच्या तळाला बाहेरच्या बाजूनं भोकं ठेवा, म्हणजे चुकून शिरलं तरी निचरेल. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) पूररेषेखाली नकोच, पाणी पितात आणि लवकर वाळत नाहीत. राखेच्या विटा घ्यायच्या तर राख कुठून येते ते विचारा, जिल्ह्यात कोळशावरचं मोठं वीजकेंद्र नाही.

दगड परत घडवू नका! दर्शनी बाजूला निवडक लावा, बाकीचा तसाच जोत्याच्या आत. मजुरी तिथंच वाचते. कच्च्या विटांची माती शेतात टाका, जुन्या घराची पांढरी (भिंतींची माती) लोक पूर्वीपासून रानात नेतात. काँक्रीट काही आहे का?

धागाकर्ता:
दोघांचे आभार. मोरीचा स्लॅब आहे, नव्वदच्या दशकातला.

साइटवरचा:
तो हातोड्यानं फोडून, माती-प्लॅस्टर झटकून, फुटिंगखाली (कॉलमच्या पायाखाली) नको, पण अंगणातल्या पीसीसीला (बिनसळईच्या काँक्रीटला) खडी म्हणून घाला. एम 15 च्या (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) खालच्या साध्या काँक्रीटला खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस 383 (2016) यानुसार सगळी खडी अशी चालते.

धागाकर्ता:
अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. माती आमच्याच उसात जाणार. जेसीबी रद्द, कौलं आणि दगड हातानं उतरवायचे ठरलेत. मिस्त्री म्हणतात आधी चार फूट भिंत नमुन्याला बांधून बघू. पलूस, तासगाव किंवा मिरज भागात कुणी रॅट ट्रॅप बांधलेला असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. मिस्त्रींना घेऊन बघायला येतो.