क्रीम फाटू नये म्हणून
क्रीम घातलं की चिकनचा रस्सा फाटतो, असं कुणीतरी म्हटलंय. टेट्रापॅकमधल्या क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्केच असतो, त्यामुळे टोमॅटो घातलेल्या, खळखळ उकळत्या रश्शात ते फाटणारच. टोमॅटो वगळाच.

मांडीचे बोनलेस तुकडे (ब्रेस्ट नको, चामट होतं) मीठ-मिरपूड लावून लोण्यावर लालसर परता, बाजूला काढा. त्याच कढईत भरपूर लसूण, चमचाभर मैदा परतून वाटीभर पाणी घाला आणि तळाला लागलेलं सगळं खरवडून घ्या, खरी चव तिथेच असते. मैद्यामुळे रस्सा छान मिळून येतो. चिकन परत घालून झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटांत शिजतं. मग गॅस बंद करून क्रीम आणि चुरडलेली कसुरी मेथी. सोबत भात नको, लादी पाव आणा.