कनेक्शन बंद करताना क्लायंट अडकतो. सर्व्हरचा लॉग मात्र सांगतो की कनेक्शन बंद केले आहे

प्रश्न (महापे, नवी मुंबई)

नमस्कार. आमच्या महापे येथील कार्यालयात एक लिनक्स सर्व्हर आहे आणि तुर्भ्याच्या गोदामातील वजनकाट्याशेजारचा छोटा संगणक दिवसातून आठ-दहा वेळा त्याला जोडला जातो. दोन्ही बाजूंचे प्रोग्राम मीच पायथनमध्ये लिहिले आहेत. क्लायंट साठलेल्या वजनाच्या नोंदी पाठवतो, ‘शटडाउन’ करून आपली लिहिण्याची बाजू मिटवतो आणि मग सर्व्हरकडून नोंदींच्या एकूण संख्येची ओळ व त्यामागून कनेक्शनचा शेवट येईपर्यंत वाचत राहतो. सर्व्हर सगळ्या नोंदी वाचून झाल्यावर ती ओळ पाठवतो आणि ‘क्लोज’ करतो.

सर्व्हर नव्याने सुरू केल्यानंतरच्या पहिल्या खेपेला क्लायंटला एकूण संख्येची ओळ बिनचूक मिळते, पण शेवट काही येत नाही आणि तो तसाच बसून राहतो. परवा सकाळी नऊला अडकलेला क्लायंट संध्याकाळी काटेवाल्याचा फोन आला तेव्हाही तिथेच होता. तो मारून पुन्हा चालवला की पुढच्या सगळ्या खेपा सुरळीत होतात. सर्व्हरवर ‘क्लोज’च्या आधी आणि नंतर मी लॉगमध्ये एकेक ओळ टाकून पाहिली, दोन्ही ओळी लागोपाठ उमटतात, म्हणजे तो ‘क्लोज’मध्ये अडकलेला नाही. अडकलेल्या अवस्थेत सर्व्हर थांबवला तर क्लायंट त्याच क्षणी सुटतो. गोदामाचे नेट पाहणारे म्हणतात की प्रोग्राम तपासा आणि आमचे साहेब म्हणतात की राउटर बदला. मी नेमके काय तपासावे?

उत्तर (ऐरोली)

सॉकेटवर (प्रोग्रामच्या हातातले कनेक्शनचे टोक) ‘लिंगर’ हा, बंद करताना उरलेल्या मजकुरासाठी किती थांबायचे ते ठरवणारा पर्याय चालू करून त्याची वेळ शून्य ठेवा. ‘क्लोज’ करताच कनेक्शन तिथल्या तिथे तुटते आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. आमच्याकडे असेच केले आहे.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

वरचा उपाय करू नये असे मी आग्रहाने सांगेन. शून्य वेळेचा ‘लिंगर’ कनेक्शन रीतसर मिटवत नाही, तर ‘रीसेट’ पाठवून तोडतो, आणि पाठवायचा उरलेला मजकूर टाकून देतो. वजनाच्या नोंदींच्या बाबतीत हा सौदा महागात पडेल. शिवाय तुमचा क्लायंट वाचण्यात अडकला आहे, तो ‘क्लोज’पर्यंत पोहोचलेलाच नाही.

राउटरला तूर्त सोडून द्या. सर्व्हर थांबवताच क्लायंट सुटतो, याचा अर्थ वाट चालू आहे आणि शेवटाची खूण, म्हणजे ‘फिन’ पॅकेट, पाठवले की पोहोचते. आतापर्यंत ते निघतच नव्हते. ते वाटेत हरवले असते तर सर्व्हरच्या कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ते पुन्हा पुन्हा पाठवले असते आणि कनेक्शन त्या बाजूला ‘लास्ट-अॅक’ या अवस्थेत दिसले असते.

तेव्हा पुढच्या वेळी क्लायंट अडकला की काही मारण्याआधी दोन्ही यंत्रांवर ‘एसएस’ ही कनेक्शनांच्या अवस्था दाखवणारी कमांड ‘टी’, ‘एन’ आणि ‘पी’ हे पर्याय देऊन रूट म्हणून चालवा. क्लायंटकडे ‘फिन-वेट-२’ आणि सर्व्हरकडे ‘क्लोज-वेट’ दिसेल असा माझा अंदाज आहे. ‘क्लोज-वेट’चा अर्थ असा की समोरच्याने आपली बाजू मिटवल्याचे या कर्नलला कळले आहे, पण इथल्या प्रोग्रामने अजून मिटवलेली नाही. या अवस्थेला कोणतेही घड्याळ लावलेले नसते. प्रोग्राम जिवंत आहे तोवर ती राहते. ‘फिन-वेट-२’ला लिनक्समध्ये ६० सेकंदांची मर्यादा असते, पण ती प्रोग्रामने पूर्ण सोडून दिलेल्या सॉकेटला. तुमच्या क्लायंटने फक्त ‘शटडाउन’ केले आहे आणि सॉकेट हातात धरून ठेवले आहे, म्हणून त्याला ती लागू होत नाही. ओळीच्या शेवटी प्रोसेसचा जो क्रमांक येतो, तो नीट पाहा.

प्रश्नकर्ता (महापे)

आज सकाळी मुद्दाम सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि अपेक्षेप्रमाणे पहिलीच खेप अडकली. अवस्था तुम्ही म्हणालात त्याच आहेत. मात्र ‘क्लोज-वेट’च्या ओळीपुढचा प्रोसेस क्रमांक मुख्य सर्व्हरचा नाही! तो पावत्या छापणाऱ्या प्रोसेसचा आहे. छपाई रेंगाळली तरी नोंदी खोळंबू नयेत म्हणून मी ती वेगळी ठेवली आहे. पहिली पावती लागते तेव्हा सर्व्हर ‘फोर्क’ करून, म्हणजे स्वतःचीच प्रत काढून, ती सुरू करतो आणि मग ती दिवसभर चालते. तिच्या कोडमध्ये सॉकेटचा उल्लेखही नाही.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

उल्लेख नसला तरी सॉकेट तिच्याकडे आहे. ‘फोर्क’ होताना मूळ प्रोसेसचे सर्व उघडे डिस्क्रिप्टर (फाइली आणि सॉकेट ज्यांनी हाताळतात ते क्रमांक) नव्या प्रोसेसकडे जातात. पहिली पावती लागते तेव्हा पहिल्या खेपेचे कनेक्शन उघडेच असते, त्यामुळे त्याची एक प्रत छपाईच्या प्रोसेसकडे गेली. पुढे मुख्य सर्व्हरने ‘क्लोज’ केले, त्याचा लॉगही खरा, पण ‘क्लोज’ फक्त आपली प्रत सोडते. शेवटची प्रत सुटेपर्यंत कर्नल ‘फिन’ पाठवत नाही. भाड्याच्या गाळ्याला दोन किल्ल्या असाव्यात, एक परत करावी आणि मालकाने मात्र गाळा रिकामा झाला असे मानू नये, तसा हा प्रकार आहे. नंतरच्या खेपा ‘फोर्क’ झाल्यानंतर उघडतात, म्हणून त्या अडकत नाहीत.

(पायथन ३.४ पासून नवे डिस्क्रिप्टर दुसऱ्या प्रोसेसकडे जात नाहीत, असे कोणी सांगेल. ते प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम ‘एक्झेक’ केला, म्हणजे जुन्याच्या जागी चढवला, तर खरे आहे; नुसत्या ‘फोर्क’ला ते लागू नाही.)

खरी दुरुस्ती म्हणजे छपाईची प्रोसेस सर्व्हर सुरू होतानाच, ऐकणारे (नव्या कनेक्शनांची वाट पाहणारे) सॉकेट उघडण्याच्याही आधी, सुरू करणे. ऐकणारे सॉकेटही आज तिच्याकडे गेलेले आहे, त्यामुळे फक्त मुख्य प्रोसेस मेली आणि छपाईची जिवंत राहिली, तर नव्या सर्व्हरला तोच पोर्ट मिळणार नाही आणि ‘रियूज-अॅड्रेस’ हा पोर्ट पुन्हा वापरू देणारा पर्याय लावूनही उपयोग होणार नाही. शिवाय ‘क्लोज’च्या आधी सर्व्हरवरही ‘शटडाउन’ करा. ते हातातल्या प्रतीवर नव्हे तर कनेक्शनवरच चालते, त्यामुळे प्रती कितीही असल्या तरी ‘फिन’ निघते. केवळ एवढ्याने तुमचा क्लायंट सुटेल, परंतु छपाईकडे गेलेला डिस्क्रिप्टर तसाच राहील. म्हणून मी पहिल्या दुरुस्तीला पर्याय म्हणून हे सुचवत नाही.

उत्तर (बेलापूर)

निदान पटले. एक भर घालतो. क्लायंट दिवसभर वाट पाहत बसला हा स्वतंत्र दोष आहे आणि तोही काढायला हवा. एकूण संख्येची ओळ मिळाली म्हणजे त्याचे काम झाले. त्यानंतर शेवटासाठी १० सेकंद थांबावे, मग लॉगमध्ये नोंद करून सॉकेट बंद करावे. पायथनमध्ये ‘सेट-टाइमआउट’ पुरेसे आहे.

‘कीप-अलाइव्ह’ने, म्हणजे शांत कनेक्शनवर समोरचा आहे का हे पाहणाऱ्या चाचण्यांनी, हे भागेल असे समजू नका. लिनक्समध्ये प्रोग्रामने ते चालू केले तरी मूळ मूल्यांनुसार पहिली चाचणी ७,२०० सेकंद शांततेनंतर जाते आणि पुढे ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या अनुत्तरित राहिल्यावर, म्हणजे सुमारे २ तास ११ मिनिटांनी, कनेक्शन मृत धरले जाते. ही मूल्ये कमी करता येतात, पण तुमच्या प्रकरणात त्याचाही फायदा नव्हता, कारण सर्व्हरचा कर्नल जिवंत होता आणि त्याने प्रत्येक चाचणीला उत्तर दिले असते. गोदामाची वीज गेली आणि सर्व्हर क्लायंटची वाट पाहत राहिला, तर तिथे मात्र ‘कीप-अलाइव्ह’ कामाला येते.

प्रश्नकर्ता (महापे)

छपाईची प्रोसेस सुरुवातीलाच सुरू केली, सर्व्हरवर ‘क्लोज’च्या आधी ‘शटडाउन’ घातले आणि क्लायंटला १० सेकंदांची मर्यादा लावली. सर्व्हर पाच वेळा पुन्हा सुरू करून पाहिला. पाचही वेळा पहिली खेप रीतसर संपली आणि मर्यादेपर्यंत थांबण्याची वेळ एकदाही आली नाही. आता क्लायंटकडे प्रत्येक खेपेनंतर मिनिटभर ‘टाइम-वेट’ (मिटलेले कनेक्शन काही काळ राखून ठेवण्याची अवस्था) दिसते. ज्याने आधी बाजू मिटवली त्याच्याकडे ते दिसणारच, असे वाचले असल्याने त्याला हात लावलेला नाही. साहेबांनी मागवलेला नवा राउटर तेवढा खोक्यातच आहे.